टोरीचं तेल

मातामायच्या पारावर बोलतो तो सोमा पुजारी.
दाणे टाकतो, सम-विषम मोजतो,
कोप कुणाच्या घरचा, कोंबडा लाल की काळा,
गाव उकिडवं बसून ऐकतं.

कौतिकाबाई मागे,
पत्र्याच्या आडोशाला, बाया चपला काढतात तिथे.
पहाटे दगड तिनेच धुतलेला,
शेंदूरही तिनेच खललेला.
कोप कुणाचा, हे तिला कुणी विचारत नाही.
दुखतं कुठे, ते मात्र बाया तिलाच सांगतात,
पदराआडून, एका शब्दात.

ती आधी हात धुते.
(प्रशिक्षणाच्या अहवालात मी हे लिहिलं होतं एकदा.
साहेबांनी खोडलं.)
मग टोरीच्या तेलाची वाटी निखाऱ्याजवळ सरकवते.
थंडीत ते तुपासारखं गोठतं, पिवळं,
आणि विरघळेस्तोवर ती बोलत नाही,
बाजेवरच्या बाईलाही बोलू देत नाही.
अर्धं दुखणं तिथेच उतरत असावं.
मला वाटतं, एवढंच.

"बोटानं नाही वो. बोट टोचते.
तरहातानं.
पोरगा झोपला का जागा, तरहातालेच समजते."

मोबदला एक पायली तांदूळ, हळदीचं कांडं,
बारशाचं बोलावणं.
मुलगी झाली तरी पायली शिगोशीग,
या एका अटीवरून ती तीनदा भांडली आहे,
त्यातलं एकदा सरपंचाच्या अंगणात.

मी मोहटोल्याची आशा.
वही, मोबाइल, वजनकाटा.
माझं काम तिला थांबवणं.
सहा वर्षं लिहीत आले:
घरी बाळंतपण शून्य. शून्य. शून्य.
त्या शून्यांचे पैसे मिळतात मला.
तिला ठाऊक आहे. बोडीच्या पाळीवर भेटली की विचारते,
"भरला का तुजा भोपरा?"

यंदा भादव्यात माझेच पाय सुजले.
सातवा महिना. दवाखान्यात दाखवलं, गोळ्या घेतल्या,
आणि तरी एका रात्री
तिचं दार वाजवलं.
मागचं दार.

तेल गरम झालं. ती पुटपुटू लागली,
लहानपणापासून दुरून ऐकलेला तिचा मंतर.
सोमाला मंतर गुरूने दिले,
नागपंचमीला, वारुळापाशी, नारळ फोडून.
हिला कुणी दिला असेल?
आज माझा कान तिच्या तोंडाशी होता.

मंतर नव्हता. नावं होती.
पारबता.
सुगंधाचं बिननावाचं.
चिंधी, पहिलटकरीण.
हातातून गेलेली सगळी,
पोटावरून हात एकदा फिरला की एक नाव.
आणि मग,
रोशनी.

रोशनीला तिने हात लावलाच नव्हता.
मीच लावू दिला नव्हता.
नाल्याला पूर, अलीकडे ट्रॅक्टर उभा,
ते पान माझ्याच अक्षरात आहे:
कारण, रक्तस्राव. ठिकाण, रस्त्यात.

"तिचा नाव काहून घेतेस वो?"
हात थांबला नाही.
"कोनी त घ्याले पायजे."

कार्तिकात गाडी वेळेवर आली, नवल.
ती शेजारी बसली, मांडीवर वाटी, फडक्यात गाठ मारलेली.
सिस्टरने तिला दारातच अडवलं.
बरोबर होतं. मीही तेच केलं असतं.
ती व्हरांड्यात भिंतीला टेकली
आणि चपला काढून शेजारी नीट ठेवल्या.

फॉर्म माझ्यापुढे आला.
सोबत आलेली व्यक्ती: कौतिका नैताम.
नातं:
इतक्यात कळ आली.
पेन तिथेच टेकून राहिलं, शाई पसरली.
माझ्या बोटांचं तेल कागदाला लागलं होतं,
तेवढ्या जागेतून
खालचं पान दिसत होतं.